परळचा शेजार

विज्ञानात पहिला नंबर मिळालेला माणूस तो आपण होऊन परत करतो, असं फारसं घडत नाही. टी. सी. आनंदकुमार यांनी तो परत केला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडाचा जन्म झाला आणि भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून देशभर तिची बातमी झाली. त्या जन्मामागे दोन नावं होती. केईएममधल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा, आणि परळमधल्याच 'इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन' या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या संस्थेचे संचालक आनंदकुमार. अकरा वर्षं हा मान त्यांच्याकडे निर्वेध होता, कुणी मागायला आलं नव्हतं. १९९७ साली कोलकात्यात एका परिषदेला ते गेले, तिथे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची टिपणं त्यांच्या हाती आली. ती त्यांनी वाचली, मुखोपाध्यायांच्या सहकाऱ्यांशी बोलले आणि 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून मोकळे झाले. भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार मुखोपाध्याय होते, आम्ही नव्हे, असा त्या लेखाचा रोख होता.

ही गोष्ट आपल्याकडे दोन प्रकारे सांगितली जाते. एक, मुखोपाध्यायांची शोकांतिका म्हणून. दोन, आनंदकुमारांच्या मनाच्या मोठेपणाची कथा म्हणून. दोन्ही खऱ्या आहेत. पण दोन्ही सांगून झाल्या की ऐकणारा हळहळतो, हात जोडतो आणि घरी जातो. एकाच देशात, आठ वर्षांच्या अंतराने, एकच विज्ञान कोलकात्यात मेलं आणि मुंबईत जगलं. का, हे विचारायला हवं. माझ्या मते त्याचं उत्तर माणसांच्या स्वभावात कमी आणि परळच्या भूगोलात जास्त सापडतं. आणि ते उत्तर आज आपल्याला अडचणीचं आहे, कारण परळमध्ये जे होतं ते आपण नंतर कुठेच पुन्हा उभं केलं नाही.

आधी कोलकात्याचं. मुखोपाध्याय शिक्षणाने डॉक्टर होते, पण कामाने शरीरक्रियाशास्त्रज्ञ. पहिली पीएच.डी. कोलकाता विद्यापीठाची, दुसरी एडिनबरोची, प्रजनन-हार्मोनांवरची. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईज ब्राउन २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला जन्मली, त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, मुखोपाध्यायांच्या प्रयत्नांतून कोलकात्यात दुर्गा जन्मली. कनुप्रिया अग्रवाल हे तिचं खरं नाव लोकांना पंचवीस वर्षांनी कळलं, तिने स्वतः पुढे येऊन सांगितलं तेव्हा. मुखोपाध्यायांबरोबर दोघे होते: सुनीत मुखर्जी हे अतिशीत तापमानाचे जाणकार आणि सरोजकांती भट्टाचार्य हे स्त्रीरोगतज्ज्ञ. तीन वेगळ्या विद्यांची माणसं, आणि त्यांना एकत्र ठेवणारं एकही छप्पर नाही.

त्यांची पद्धत नीट पाहिली तर आजही दाद द्यावीशी वाटते. ओल्डहॅमच्या गटाने हार्मोनची इंजेक्शनं देऊन जास्त स्त्रीबीजं मिळवायचा प्रयत्न बरीच वर्षं केला होता, पण गर्भ टिकत नव्हता. शेवटी त्यांनी नैसर्गिक पाळीतलं एकुलतं एक बीज काढलं आणि लुईज झाली. मुखोपाध्यायांनी इंजेक्शनं सोडली नाहीत. हार्मोनच्या भडिमाराने बीजं भरपूर मिळतात, पण त्याच महिन्यात गर्भाशयाचं अस्तर बिघडलेलं असतं. मग घाई कशाला करायची? भ्रूण गोठवून ठेवायचे, अस्तर मूळपदावर येऊ द्यायचं आणि पुढच्या एखाद्या पाळीत भ्रूण आत सोडायचे. गोठवताना पेशीत बर्फाचे स्फटिक झाले तर पेशी फाटते, म्हणून त्यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइड वापरलं. बीज काढण्यासाठी पोटातून दुर्बीण न घालता योनिमार्गाने वाट काढली. आज मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही क्लिनिकमध्ये 'फ्रीझ ऑल' म्हणून जे सांगतात, योनिमार्गातून सुईने बीजं काढतात, ते या विचाराच्या किती जवळ आहे हे वेगळं सांगायला नको. गोठवलेल्या भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याची ऑस्ट्रेलियन गटाची नोंद १९८३ची आहे.

पश्चिम बंगाल सरकारने नोव्हेंबर १९७८मध्ये चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष रेडिओफिजिक्सचे, म्हणजे रेडिओलहरींच्या भौतिकशास्त्राचे. प्रयोगशाळेत भ्रूण हाताळलेला एकही माणूस समितीत नव्हता. काचेची अँप्यूल ज्योतीवर तापवून बंद केली तर आतला भ्रूण मेला कसा नाही, अशा धर्तीचे प्रश्न विचारले गेले, असं सहकाऱ्यांनी पुढे सांगितलं आहे. अँप्यूलचं टोक वितळवून बंद करणं हे कुठल्याही सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचं रोजचं काम! समितीने दावा खोटा ठरवला. जपानमधून आलेल्या निमंत्रणाला जायची परवानगी मिळाली नाही. १९८१ साली त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली. हार्मोनांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला डोळ्यांच्या खात्यात पाठवलं. त्याच वर्षी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. समितीने शंका घेतली यात काही गैर नव्हतं. मुखोपाध्यायांनी छापलेला मजकूर थोडका होता, तोही 'इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स'मध्ये, जिथे प्रजननशास्त्राचा वाचक फिरकण्याची शक्यता कमी. पालकांना लोकनिंदेची भीती होती, त्यामुळे मूल दाखवायला ते तयार नव्हते. एवढा मोठा दावा आणि एवढा तोकडा पुरावा असेल तर शंका घेणं हे विज्ञानाचं कामच आहे. पण शंका निवारायची रीत असते. वही तपासा, पुन्हा करून दाखवायला सांगा, त्यासाठी जागा, पैसा आणि जाणती माणसं द्या. समितीने निकाल दिला, संधी दिली नाही. सरकारी खात्यात चौकशी जशी होते तशी ती झाली: आरोपी, साक्ष, ताशेरे, बदली.

आता परळ. नकाशा डोळ्यांपुढे आणा. १८९९पासून जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आलेली हाफकिनची प्रयोगशाळा. १९२६चं केईएम आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. त्याला लागून वाडियांचं प्रसूतिगृह. १९४१चं टाटा मेमोरियल. पन्नाशीच्या दशकात आलेली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संस्था, जिथे वसंतराव खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी पेशीसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, देशातली सुरुवातीची प्रयोगशाळा उभारली. आणि १९७०पासून जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवरची प्रजनन संशोधन संस्था. हे सगळं पायी फिरता येईल एवढ्या टापूत. गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजात, चाळींच्या गर्दीत, आशियातला हा एक दाट वैज्ञानिक मोहल्ला होता. गिरणगाव म्हणून परळवर आपण एवढं लिहिलं-बोललं. या दुसऱ्या परळबद्दल मराठीत फार थोडं बोललं जातं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

रणदिवे बाईंचं उदाहरण इथे मुद्दाम घेतो. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या जीवशास्त्रज्ञ. डॉक्टर नव्हेत. स्तनांच्या कर्करोगाचा हार्मोन आणि आनुवंशिकतेशी काय संबंध आहे, हे त्या उंदरांमध्ये शोधत होत्या. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचेत जगवायचं तंत्र शिकून त्या परत आल्या आणि पुन्हा परळमध्येच बसल्या. त्यांना रुग्णालयाची ओढ होती, कारण प्रश्न तिथे होते. आणि रुग्णालयाला त्यांची गरज होती, कारण उत्तरं शोधायला लागणारा निवांतपणा ओपीडीत मिळत नाही. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या प्रमुख होत्या. हा जो येण्याजाण्याचा रस्ता होता, वॉर्डातून प्रयोगशाळेत आणि परत वॉर्डात, त्याला मी परळचा शेजार म्हणतो.

आनंदकुमारही डॉक्टर नव्हते, मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. दिल्लीच्या एम्समध्ये असताना त्यांच्या गटाने माकडिणींच्या नाकात हार्मोनचा फवारा देऊन बीजमोचन थांबवता येतं हे दाखवलं. १९७७ साली ते काम 'नेचर'मध्ये आलं. म्हणजे ज्या माणसाने पुढे मूल व्हायला मदत केली, त्याची हयात आधी मूल होऊ नये यासाठी खर्ची पडत होती. यात विसंगती काही नाही. बीज केव्हा पिकतं, केव्हा सुटतं, त्याला कोण हुकूम देतं, हे कळलं तरच ते थांबवताही येतं आणि पकडताही येतं. मूलभूत संशोधनाचा फायदा नेमका हा की त्याला दोन्ही दिशांना जाता येतं. ठरावीक औषधाच्या मागे लागलेल्या संशोधनाला एकच दिशा असते.

१९८६चं यश या शेजाराशिवाय शक्य नव्हतं असं मी म्हणतो, त्यामागे भावना नाही, काम आहे. आज भ्रूण वाढवायचं द्रावण बाटलीत बंद, तपासून, शिक्का मारून येतं. त्या काळी प्रयोगशाळा ते स्वतः बनवत असत. पाणी किती शुद्ध आहे यावर सगळं अवलंबून. द्रावण ठीक जमलं की नाही हे कळायचं कसं? उंदराचा दोन पेशींचा भ्रूण त्यात सोडायचा आणि तो पुढे वाढतो का ते बघायचं. म्हणजे उंदरांचं घर हवं, ते सांभाळणारी माणसं हवीत, उंदराचा भ्रूण काढता येणारा हात हवा. महापालिकेच्या रुग्णालयात हे कुठून येणार? बीज नेमकं केव्हा काढायचं हे ठरवायला रक्तातलं हार्मोन मोजावं लागतं. त्यासाठी तेव्हा किरणोत्सर्गी पदार्थ वापरून करायची चाचणी लागे. हीसुद्धा संशोधन संस्थेचीच ताकद. उलट संस्थेकडे रुग्ण नव्हते, शस्त्रक्रियागृह नव्हतं, प्रसूतीचा वॉर्ड नव्हता. ते केईएमकडे होतं. मुखोपाध्यायांना या दोन्ही गोष्टी स्वतःच्या खटपटीने, उसनवारीने जुळवाव्या लागल्या. मुंबईत त्या शेजारी होत्या, आणि दोन्ही सार्वजनिक पैशावर चालत होत्या.

या कामात शास्त्रज्ञ प्रत्यक्षात काय करतो, हे लोकांना फारसं ठाऊक नसतं. जाहिरातीत हसरं बाळ असतं आणि डॉक्टरांचा फोटो असतो. प्रयोगशाळेत भ्रूण सांभाळणारा शास्त्रज्ञ, म्हणजे एम्ब्रिऑलॉजिस्ट, कुठेच नसतो. सकाळी शस्त्रक्रियागृहातून भिंतीतल्या छोट्या खिडकीवाटे कोमट नळ्या आत येतात, त्यात लालसर द्रव. तो बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचं. बीज एक दशांश मिलिमीटरचं. पण त्याच्याभोवती चिकट पेशींचा ढगासारखा पुंजका असतो, त्यामुळे सरावलेल्या डोळ्याला तो आधी दिसतो. हवेत राहिला तर गार होतो, द्रावणाची आम्लता बिघडते. म्हणून हात चालत राहिला पाहिजे. ३७ अंश, थोडा कार्बन डायऑक्साइड, थेंबावर तेलाची साय. खोलीत अत्तर लावून यायचं नाही. इमारतीत कुठे रंगकाम निघालं तरी या लोकांचा जीव वरखाली होतो, कारण रंगाची वाफ भ्रूणाला सोसत नाही. शुक्रजंतू सोडल्यावर सोळा ते अठरा तासांनी पाहायचं: आत दोन गोल केंद्रकं दिसली तर फलन नीट झालं. तीन दिसली तर दोन शुक्रजंतू आत शिरले असण्याची दाट शक्यता, तो भ्रूण बाजूला ठेवायचा. ही वेळ चुकली की केंद्रकं विरून जातात आणि नंतर चांगला कोणता, वाईट कोणता, हे सांगता येत नाही. त्यामुळे रविवार असो की दिवाळी, सकाळी कुणीतरी त्या खोलीत असतंच.

हे कसब आहे आणि हे विज्ञानही आहे, पण आपल्याकडे त्याची गणना 'टेक्निशियन' या खात्यात होते. इंग्लंडमध्येही वेगळं नव्हतं म्हणा. ओल्डहॅमच्या गटात जीन पर्डी नावाची तिसरी व्यक्ती होती, लुईजच्या भ्रूणातल्या पेशी विभागताना पहिल्यांदा तिने पाहिल्या. गटातले शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आग्रह धरत राहिले तरी तिथल्या फलकावर तिचं नाव यायला २०१५ साल उजाडलं. ती १९८५मध्येच गेली होती. एडवर्ड्सनाही नोबेल मिळालं ते २०१०मध्ये, लुईज बत्तीस वर्षांची झाल्यावर. आणि त्यांना १९७१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने पैसे नाकारले, त्यामागच्या कारणांत एक हेही होतं की लोकसंख्या वाढत असताना वंध्यत्वावर खर्च कशाला. हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे येतोच.

१९८६नंतर काय झालं? तंत्र शिकलेली माणसं खासगी व्यवसायात गेली. यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. स्वतः आनंदकुमारांनीही निवृत्तीनंतर बंगळूरला वंध्यत्वाचं क्लिनिक काढलं. दोष आहे तो मागची जागा रिकामी ठेवण्यात. सार्वजनिक रुग्णालयं या क्षेत्रातून जवळपास उठून गेली. दिल्लीच्या एम्ससारखे मोजके अपवाद सोडले तर आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, खासगीच असतो, हे समीकरण देशभर पक्कं झालं. साखळी कंपन्या आल्या, भांडवल आलं, हप्त्यांची सोय आली. एका प्रयत्नाला साधारण दीड-दोन लाख, आणि पहिल्याच प्रयत्नात यश येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. निमशहरी भागातलं जोडपं शेतीचा तुकडा किंवा मंगळसूत्र घेऊन येतं, हे या व्यवसायातली माणसं स्वतःच सांगतात.

महाराष्ट्राला हा चित्रपट नवा नाही. गर्भजल परीक्षा आणि सोनोग्राफी आपल्याकडे आली तीही अशीच, आधी बाजारात. विज्ञानाची देखरेख मागून आली, कायदा त्याहून मागून. १९८८ साली गर्भलिंगनिदानावर बंदी आणणारं पहिलं राज्य महाराष्ट्र होतं, ते स्त्रीसंघटनांनी आणि काही जागरूक डॉक्टरांनी रस्त्यावर उतरून दबाव आणला म्हणून. देशाचा कायदा १९९४चा. तोवर आणि त्यानंतरही किती मुली गेल्या, हे जनगणनेने दाखवलं. तंत्रज्ञान बाजाराच्या हवाली केलं आणि शास्त्रज्ञांना बाजूला ठेवलं की काय होतं, याचा धडा आपल्या अंगणातला आहे.

आयव्हीएफमध्ये त्याचं आजचं रूप म्हणजे 'ॲड-ऑन'. मूळ उपचारावर लावलेल्या जोडण्या: गर्भाशयाच्या अस्तराला खरवडणं, अमुक चाचणी, तमुक इंजेक्शन. प्रत्येकाचे वेगळे पैसे. अस्तर खरवडलं की भ्रूण चांगला रुजतो, असं बरीच वर्षं जगभर सांगितलं गेलं. २०१९मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांच्या पुढाकाराने तेराशेहून अधिक स्त्रियांवर नीट चाचणी झाली आणि खरवडलं काय, न खरवडलं काय, बाळ होण्याचं प्रमाण तेच निघालं. ही चाचणी कोण करणार? ज्याच्या बिलात ती ओळ आहे तो करेल अशी अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं आहे. ती करायला असा माणूस लागतो, ज्याचा पगार निकालावर अवलंबून नाही.

आणि आपले म्हणून काही प्रश्न आहेतच. जननेंद्रियांचा क्षयरोग घ्या. त्याने बीजवाहिन्या चिकटतात, अस्तराला चट्टे पडतात, आणि पुष्कळदा बाईला ताप नाही, खोकला नाही, मूल होत नाही एवढंच लक्षण. युरोपात हा आजार क्वचित दिसतो, त्यामुळे त्याचं नेमकं निदान कसं करावं यात तिकडच्या प्रयोगशाळांना फारसा रस असण्याचं कारण नाही. इथे मात्र संशयावर क्षयाची औषधं महिनोन्‌महिने चालू ठेवली जातात. दुसरं, पुरुष. दोष कुणात आहे याची साधी वीर्यतपासणी व्हायच्या आत बाईच्या चार सोनोग्राफ्या आणि दोन नवस होऊन गेलेले असतात. शुक्रजंतू मंद का होतात, उष्णतेत काम करणाऱ्यांचं काय होतं, फवारणी करणाऱ्यांचं काय होतं, हा पेशीजीवशास्त्राचा प्रश्न आहे. विदर्भातल्या कापूसपट्ट्यात किंवा इचलकरंजीच्या मागांवर बसून तो अभ्यासायला हवा. शहरातल्या वातानुकूलित क्लिनिकला तो पडतच नाही, कारण तिथे एक बळकट शुक्रजंतू निवडून सुईने थेट बीजात टोचता येतो. इलाज झाला, कारण तसंच राहिलं.

२०२१मध्ये सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा आणि सरोगसीचा असे दोन कायदे झाले, जानेवारी २०२२पासून लागू झाले. उशीर झाला, पण झाले हे बरं. क्लिनिकना नोंदणी सक्तीची झाली. बीजदात्या स्त्रीला आयुष्यात एकदाच बीजं देता येतील आणि सातपेक्षा जास्त काढता येणार नाहीत, असा नियम आला. राष्ट्रीय नोंदवही आली. हे सगळं नियंत्रण आहे, आणि नियंत्रण हवंच. पण परवाने तपासणारा अधिकारी आणि वही उघडून प्रश्न विचारणारा शास्त्रज्ञ यांत फरक आहे. कोलकात्याच्या समितीकडे अधिकार भरपूर होते, कमी होती ती दुसऱ्या गोष्टीची. ब्रिटनने १९९०च्या कायद्याने जे प्राधिकरण नेमलं ते १९९१पासून प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवतं, क्लिनिकनिहाय यशाचे आकडे लोकांपुढे ठेवतं, आणि कुठल्या ॲड-ऑनला पुरावा आहे, कुठल्याला नाही, हेही सांगतं. आपल्या नोंदवहीतली माहिती अशीच खुली व्हायला हवी. नाशिकच्या जोडप्याला नाशिकमधल्या क्लिनिकचे तपासलेले आकडे घरबसल्या दिसले पाहिजेत. होर्डिंगवरची टक्केवारी तपासायचं दुसरं साधन त्यांच्याकडे नाही.

लोकसंख्येचा आक्षेप उरला. एवढी माणसं असताना सरकारने मूल होण्यासाठी पैसे का घालावेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, १.७ आहे, लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. पण खरं सांगायचं तर हा आकडा ३.७ असता तरी माझं म्हणणं बदललं नसतं. ज्यांना मूल होत नाही त्यांनी इतरांच्या मुलांची भरपाई करावी, हा हिशेबच उफराटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार प्रौढांपैकी साधारण दर सहा जणांत एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, आणि गरीब देशांत हे प्रमाण श्रीमंत देशांहून फारसं वेगळं नाही. आजार सगळ्यांना सारखा आणि इलाज मात्र ऐपतीप्रमाणे, हे आपण क्षयरोगात चालवून घेत नाही, बाळंतपणात घेत नाही. शिवाय आपल्या गावांत मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवाला कुठे बसवतात, बारशाला बोलावतात का, हे मराठी वाचकाला मी सांगायला हवं असं नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सरकारी संस्थेत हे जमेल का? कोलकात्यात सरकारनेच तर घात केला. बरोबर. पण परळमध्येही सरकार आणि महापालिकाच होती. फरक असा, की परळमध्ये शास्त्रज्ञाच्या कामाचा न्याय करायला आजूबाजूला शास्त्रज्ञ होते, आणि बदलीचा कागद काढणारं खातं दोन पायऱ्या दूर होतं. गोव्यात २०२३ साली बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफची सोय सुरू झाली. छोटं राज्य, एकच मोठं सरकारी कॉलेज, तरी केलं. महाराष्ट्रातल्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांना, म्हणजे नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, मिरज यांना, हे अशक्य का असावं? प्रत्येकाच्या आसपास जीवशास्त्राचा विभाग असलेलं विद्यापीठ किंवा कॉलेज आहेच. पुण्यात तर राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि आयसर ही विज्ञानाची केंद्रीय संस्था, दोन्ही आहेत. अंतर मोजलं तर ते रिक्षाच्या भाड्याएवढं आहे. दोन खात्यांच्या फायलींमधलं अंतर मात्र पार करणं जड जातं.

यंत्रं विकत घेणं सोपं आहे. इन्क्युबेटरचं टेंडर निघतं, उद्घाटनाची फीत कापली जाते, फोटो छापून येतो. अवघड आहे ते पद. महाविद्यालयाच्या आस्थापनेत एम्ब्रिऑलॉजिस्ट म्हणून कायम जागा, अध्यापकाचा दर्जा, पीएच.डी.चे विद्यार्थी घेण्याची मुभा आणि आठवड्यातले दोन दिवस रुग्णसेवेतून मोकळे. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नेमलेला मुलगा किंवा मुलगी हात बसेपर्यंत थांबते आणि दुप्पट पगारावर साखळी क्लिनिकमध्ये निघून जाते. तिच्याबरोबर तिच्या वहीतले प्रश्नही जातात. तिने थांबावं असं वाटत असेल तर थांबण्याजोगं काही द्यावं लागेल. संचालनालयाने पुढच्या पदभरतीच्या यादीत ही एक ओळ घातली तरी सुरुवात होईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी संस्था लागत नाही.